खाडीपलीकडचे कोर्लई

पनवेलहून दरवर्षी डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी जुन्या गोव्याला बस निघते. पहाटे कर्नाळ्याचा सुळका अंधारात उजवीडावीकडे झुलत राहतो, पेण मागे पडते आणि वडखळच्या नाक्यावर बस नागोठण्याकडे वळते. त्या नाक्यावरून दुसरा रस्ता अलिबागकडे जातो. इतकी वर्षे आम्ही त्या रस्त्याकडे बसच्या खिडकीतून नुसते पाहिले. ज्या पोर्तुगीज काळाच्या खुणा पाहायला आम्ही रात्रभर प्रवास करून गोव्यास जातो, त्याच्या खुणा त्या दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला, पनवेलपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर उभ्या आहेत. आणि नुसत्या भिंतीच उभ्या नाहीत. कोर्लई नावाच्या गावात त्या काळातली भाषा अजून चुलीपाशी बोलली जाते.

तिकडे जाण्याचे आम्ही इतकी वर्षे टाळले, त्याला एक खासगी कारणही होते. शाळकरी वयात आम्ही एका बोर्डिंगात राहत होतो. तेथे कोर्लईचा एक मुलगा होता. गणितात हुशार, फुटबॉलात चपळ. पण त्याचा धाकटा भाऊ भेटीच्या दिवशी आला की दोघे कोपऱ्यात जाऊन जे बोलत, ते आम्हाला कळत नसे. आम्ही त्याला ‘फिरंगी’ म्हणू लागलो. ज्या गुरुजनांना पोर्तुगीज येत होती, त्यांनी ती भाषा ऐकून ‘मोडकी पोर्तुगीज’ असा शेरा मारला आणि आमच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. दुसऱ्या वर्षी त्याने भावाशी मराठीत बोलायला सुरुवात केली. आम्हाला तो आमचा विजय वाटला. ही गोष्ट पुढे आम्हाला वरचेवर आठवत राहिली, आणि गेल्या हिवाळ्यात दोघा स्नेह्यांना बरोबर घेऊन आम्ही एकदाचे वडखळच्या नाक्यावर उजवीकडे वळलो.

कर्नाळ्यापाशीच या इतिहासाचा पहिला धागा हाताला लागतो. १५४० च्या सुमारास हा किल्ला काही काळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. अहमदनगरच्या निजामशहाच्या साहाय्यार्थ तो त्यांनी घेतला आणि पुढे दरवर्षीच्या खंडणीच्या बदल्यात त्यालाच परत केला. धर्मयुद्धाच्या भाषेत लिहिलेल्या त्या काळच्या वृत्तांतांत असे रोकडे व्यवहार जागोजाग भेटतात. वाचकांनी ते ध्यानी ठेवावेत, म्हणजे पुढची हकीकत समजायला सोपी जाईल. पनवेल गावात १८४९ साली बांधलेले बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. याच किनाऱ्यावर, कोणत्याही युरोपीय गलबताच्या कितीतरी आधी आलेले हे लोक तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले आणि मराठी बोलू लागले. या किनाऱ्याने किती जणांना आपली भाषा दिली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

अलिबाग आणि नागाव ओलांडल्यावर चौल लागते. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, रामेश्वराचे देऊळ आणि टेकडीवरचे दत्तमंदिर एवढेच डोळ्यांत भरते. परंतु ग्रीक भूगोलकार टॉलेमीने ज्याचा ‘सिमुल्ला’ म्हणून उल्लेख केला आणि अरब प्रवाशांनी ज्याला ‘सैमूर’ म्हटले, ते बंदर हेच, असे अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी येथे आला होता. १४६९ च्या सुमारास त्वेर नगरीचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझहून जहाजाने येथे उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतर.

या निकितिनची कथा आमच्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून येथे थोडे थांबतो. त्याने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला, तेथे पावसाळ्यात अडकला आणि जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदलशील तर घोडा परत देईन, वर सोन्याची नाणीही देईन, असा निरोप आला. मुदत दिली चार दिवसांची. निकितिनचा घोडा सोडवला तो एका खोरासानी मुसलमानाने, खानाकडे रदबदली करून. आपला धर्म निकितिनने सोडला नाही. परंतु वाटेत त्याची पुस्तके लुटली गेली होती, त्यामुळे पुनरुत्थानाचा सण नेमका कोणत्या दिवशी येतो हेच त्याला कळेना. या परमुलुखात त्याने अदमासाने उपवास धरले, अदमासाने सोडले आणि आपल्या टिपणांत त्याबद्दल देवाची क्षमा मागितली. घरी पोहोचण्यापूर्वीच तो वारला. आज रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक उभे आहे. आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी होती आणि मुले त्याच्या पायथ्याशी डबे उघडून बसली होती.

चौल म्हणजे वरचे चौल आणि खालचे चौल, अशी दोन नगरे होती. वरचे चौल मुसलमानी अमलाखाली असलेले, व्यापाऱ्यांचे आणि विणकरांचे. खालचे चौल पोर्तुगीजांचे. तेच आजचे रेवदंडा. पोर्तुगीजांची या जागेशी पहिली मोठी गाठ पडली ती पराभवाने. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आले, त्याला दीवचा मलिक अयाझ येऊन मिळाला आणि कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीजांशी त्यांची लढाई जुंपली. पोर्तुगीजांचा नायक होता लोरेंसो द आल्मेदा, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा. बाहेर पडताना त्याचे जहाज कोळ्यांनी मासे धरण्यासाठी रोवलेल्या खांबांत अडकले. मांडीवर तोफेचा गोळा लागला तरी डोलकाठीशी टेकून तो हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्याने मरण पावला, असे पोर्तुगीज वृत्तांत सांगतात. बापाने पुढच्याच वर्षी दीवच्या समुद्रात त्याचा भयंकर सूड घेतला. इतिहासाच्या पुस्तकांत दीवची लढाई मोठ्या अक्षरांत असते. पण एका जगज्जेत्या आरमाराची वाट कोळ्यांच्या खांबांनी अडवली, ही गोष्ट आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांना कोणी सांगत नाही.

निजामशाहीचे अधिपती बुऱ्हाण निजामशहा यांच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्यास किल्ल्याचा पाया घातला आणि १५२४ मध्ये तो पुरा झाला. घोडे, मसाले, सुती आणि रेशमी कापड यांच्या व्यापारावर नगर फोफावले. चौलच्या रेशमाची ख्याती एवढी होती, की सतराव्या शतकात इंग्रजांना मुंबई वसवायची झाली तेव्हा त्यांनी चौलच्या विणकरांना बोलावून नेले. मुंबईच्या चेऊलवाडीच्या नावात ती आठवण राहिली आहे. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांची मंदिरे आणि मठ होते. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या नगराला वेढा घातला, त्याच वेळी विजापूरकरांनी गोव्यावर चाल केली होती. कित्येक महिने चाललेला हा वेढा तहाने उठला. लेपांतोची लढाई, जिच्या स्मरणार्थ आपण ऑक्टोबरात जपमाळेच्या राणीचा सण पाळतो, ती याच १५७१ सालातली.

आजचे रेवदंडा पाहताना डोळ्यांना थोडी सवय करावी लागते. एस. टी. चा रस्ता तटातूनच आत शिरतो आणि तटातूनच बाहेर पडतो. वाड्यांच्या कुंपणांआड अकस्मात एखादी कमान, एखादी उंच खिडकी, अर्धे घुमट दिसतात. सर्वांत ठळक उभा आहे तो सांता बार्बाराचा मनोरा, लोकांच्या तोंडी ‘सातखणी’. फ्रान्सिस्कन मठाचा हा सात मजली मनोरा वरून ढासळला आहे, तरी माडांच्या वर अजून मान काढून आहे. त्याच्या पायथ्याशी जुन्या तोफा पडल्या आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४० च्या दशकात या उत्तर प्रांतात प्रवास केला, आणि येथील एका पडक्या छपेलाशी त्यांचे नाव जोडले जाते. आम्ही तेथे उभे राहून एक प्रार्थना म्हटली. वाडीचा मालक, एक सुशील हिंदू गृहस्थ, पायातल्या चपला काढून बाजूला उभा राहिला. निघताना त्याने आम्हांस शहाळी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

रेवदंड्याहून पुढे कुंडलिकेची खाडी आडवी येते. १९८० च्या दशकात साळावचा पूल झाला, तोवर खाडी ओलांडायची ती होडीने. पलीकडे उजव्या हाताला एक लांबट डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. त्याला पोर्तुगीज ‘मोर्रो’ म्हणत. त्याच्या पायथ्याशी दीपगृह, माथ्यावर किल्ला आणि दक्षिणेच्या अंगाला कोर्लई गाव.

हा डोंगर ज्याच्या हाती त्याच्या हाती रेवदंड्याचे बंदर, हे ओळखून दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने १५९२ नंतर येथे किल्ला बांधायला घेतला आणि रेवदंड्यावर तोफा डागल्या. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी वसई-साष्टीकडून कुमक आणून डोंगरावर एल्गार केला. पळून परतणारे निजामशाही सैन्य दरवाज्यातून आत शिरत असता जखमी हत्ती दरवाज्यातच कोसळला, दार लावता आले नाही आणि शत्रू मागोमाग आत घुसला, अशी हकीकत आहे. सेनापती फऱ्हादखान कैद झाला आणि पुढे ख्रिस्ती झाला. त्या दिवशी किती माणसे मेली याचे आकडे पोर्तुगीज ग्रंथांत अभिमानाने दिलेले आहेत. आम्हांस ते फुगवलेले वाटतात. शिवाय अभिमानाने देण्यासारखे ते नव्हतेच. ख्रिस्ताच्या नावाने झालेली ती कत्तल होती, एवढे आपल्या नियतकालिकात तरी स्पष्ट लिहावे.

दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. चढ फार नाही, पण आमच्या वयाला दोनदा थांबावे लागले. किल्ला अरुंद आणि लांबच लांब आहे. आडव्या भिंतींनी त्याचे एकामागून एक भाग पाडले आहेत, म्हणजे शत्रूने एक दरवाजा फोडला तरी पुढचा शिल्लक राहावा. एके काळी बुरुजांना संतांची नावे होती. १७३९ मध्ये मराठे आले आणि सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज झाला. आत छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वेदीच्या जागी गवत वाढले आहे. तेथून जवळच पाण्याचे टाके आणि शिवाचे लहानसे देऊळ. देवळात त्या दिवशीचीच फुले होती. पश्चिमेला मोकळा समुद्र, पूर्वेला खाडी, समोर पाण्यापलीकडे रेवदंड्याच्या माडांची रेघ. लोरेंसोचे जहाज नेमके कोठे अडकले असेल यावर आम्हां तिघांत बराच वाद झाला. खाली खाडीत आजही काही खांब रोवलेले दिसत होते.

पुढची दीडशे वर्षे झपाट्याने सांगता येतात. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौलला वेढा घातला, तो तडीस गेला नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तर प्रांताचा कणा मोडला. कोर्लईवर सुभानराव माणकरांना पाठवण्यात आले. अखेर १७४० च्या तहान्वये चौल आणि कोर्लई मराठ्यांना मिळाले, बदल्यात मराठ्यांनी गोव्याकडील साष्टी-बारदेशातून पाय काढला. दोन शतकांहून अधिक काळ उभे असलेले नगर कागदावरच्या एका कलमाने रिकामे झाले. फिदाल्गो, धर्मगुरू, अधिकारी, ज्यांना जाणे परवडत होते ते सगळे गोव्याला गेले.

राहिले कोण? ज्यांना जाण्यासाठी जहाज नव्हते आणि पोहोचण्यासाठी घर नव्हते ते राहिले. नोकरचाकर, शेतमजूर, शिपायांची बायकामुले, येथल्याच मातीतले बाप्तिस्मा घेतलेले गरीब लोक. साहेब गेले. त्यांची भाषा मात्र या लोकांच्या तोंडी राहून गेली, आणि एव्हाना ती साहेबांची उरलीही नव्हती.

या भाषेला गावकरी ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. बाहेरचे तिला ‘क्रिस्ती’ही म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या गावात राहून तिचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्या जन्माचा नि वाढीचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्या आधी गोव्याचे थोर कोशकार मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये उत्तर प्रांतातील भारतीय-पोर्तुगीज बोलींवर प्रबंध लिहिला होता. एकेकाळी अशा बोली मुंबई-वसईपासून दीव-दमणपर्यंत चालत. दीव आणि दमणमध्ये पोर्तुगीज सत्ताच १९६१ पर्यंत राहिली, तेव्हा तेथे भाषा टिकली यात नवल नाही. नवल आहे ते कोर्लईचे. येथे १७४० नंतर एकही पोर्तुगीज अंमलदार नाही, आणि तरीही हजाराच्या आसपास माणसांनी पावणेतीनशे वर्षे ही भाषा जपली.

कशी जपली? उत्तरेला आणि पूर्वेला खाडी, दक्षिणेला जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख, पश्चिमेला समुद्र. भोवती हिंदू आणि मुसलमान वस्ती, त्यामुळे सोयरीक आपसांतच. आणि आपला धर्मगुरू अनेक पिढ्या पोर्तुगीज जाणणारा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चर्चमध्ये प्रवचन आणि प्रार्थना पोर्तुगीजमध्ये चालत. घरची बोली आणि वेदीवरची भाषा यांचे नाते तुटलेले नव्हते.

आता ज्या ‘मोडकी’ या शब्दाने आमच्या मित्राचा घात झाला, त्याविषयी. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मधोमध येते, कर्म त्याच्या मागून. कोर्लईच्या बोलीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, जसे ते मराठीत येते. पोर्तुगीजमध्ये नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलते. येथे ते लोढणे भाषेने टाकून दिले. म्हणजे शब्द लिस्बनचे, पण वाक्याची ठेवण कुलाब्याची. जगात अशा भाषांना क्रिओल म्हणतात आणि त्यांना स्वतःचे पक्के व्याकरण असते. जे मोडके वाटले ते खरे पाहता मराठीच्या साच्यात नव्याने ओतलेले होते. उलट बाजूनेही पाहावे. पाव, बटाटा, कोबी, अननस, चावी, साबण, घमेले, फीत, लिलाव, पगार, पाद्री, नाताळ हे शब्द काढून टाकले तर आमची मराठी बाजारात आणि स्वयंपाकघरात मुकी होईल. आम्ही त्यांच्याकडून शब्द घेतले आणि त्यांनी आमच्याकडून वाक्यरचना. आमच्या या देवघेवीला सुधारलेली भाषा म्हणतात आणि त्यांच्या देवघेवीला मोडकी, एवढाच काय तो फरक.

येथे आम्हांस एक कबुली द्यायची आहे, आणि ती केवळ आमच्या शाळकरी चुकीची नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर लोकभाषेत उपासना सुरू झाली, त्याचा आनंद आम्ही मराठी ख्रिस्ती लोकांनी किती साजरा केला! ज्या भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ती भाषा अखेर वेदीवर आली, असे आम्ही लेखांतून नि व्यासपीठांवरून म्हणत आलो. ते खोटे नव्हते. परंतु कोर्लईत वेदीवर मराठी आली तेव्हा लोकभाषा आली, की लोकांच्या भाषेचा शेवटचा आधार गेला? शाळा मराठी, बाजार मराठी, कचेरी मराठी होतीच. आता देवाशीही मराठीत बोलायचे झाले. त्या लोकांची भाषा कोणती, असे त्यांना कोणी विचारले नाही. मराठीची गळचेपी झाली की आम्ही सात्त्विक संतापाने लेखणी उचलतो. आमच्या मराठीनेही कोणाच्या घरचा आवाज खाली बसवला असेल, हा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता.

हे लिहिताना दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. पोर्तुगीज उपासना चालू राहिली असती तर ती तरी त्यांची भाषा होती काय? वेदीवरची शुद्ध पोर्तुगीज आणि चुलीपाशची नौ लिंग यांत पुष्कळ अंतर होते, आणि जुन्या पाद्रींपैकी किती जणांनी त्या बोलीला मान दिला असेल याची आम्हांस शंका आहे. मराठी शिकल्यामुळे कोर्लईची मुले शिक्षक झाली, परिचारिका झाल्या, मुंबईत नोकरीला लागली. त्यांनी मागे राहावे म्हणजे आम्हां पर्यटकांना ऐकायला एक जुनी भाषा मिळेल, अशी अपेक्षा करणे हा दुसरा उद्धटपणा झाला असता. गावातल्या एका तरुण बापाने हेच आमच्या तोंडावर सांगितले. “साहेब, तुमच्या नातवंडांना तुम्ही इंग्रजी शाळेत घातलंत ना? मग आमच्या पोरांनीच का म्हाताऱ्यांची भाषा सांभाळायची?” याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमची दोन्ही नातवंडे इंग्रजी शाळेत जातात.

किल्ला उतरून आम्ही गावात आलो. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये दुपारची शांतता होती. कोणी फुलदाण्यांतले पाणी बदलून गेले होते, फरशीवर ओले ठसे होते. खाली कोळीवाड्यात जाळी सुकत घातलेली, बोंबील वाळत टाकलेले, आणि त्याच्या वासाला कंटाळलेले आमचे एक शहरी स्नेही नाकाला रुमाल लावून चालत होते. ख्रिस्ती आळीत दारापुढे कुरूस, ओटीवर बाकडे, आतून दूरदर्शनच्या मालिकेचा मराठी आवाज. आम्ही आमच्या बोर्डिंगातल्या मित्राची चौकशी केली. तो पुष्कळ वर्षांपूर्वी मुंबईला गेला, आता तेथेच असतो, सणाला कधी येतो, कधी येत नाही. त्याचे बंद घर आम्हांस दाखवण्यात आले. कुलपावर गंज चढला होता.

शेजारच्या ओटीवर एक वृद्धा शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्ही पनवेलहून आलो असे सांगितल्यावर त्यांनी आधी आमचे आडनाव, मग आमच्या आईचे माहेर, मग आमच्या धर्मगुरूंचे नाव विचारून घेतले आणि त्यानंतरच बाकड्याकडे बोट केले. आम्ही आमच्या मित्राची गोष्ट त्यांना सांगितली. टोपणनावाची गोष्टही लपवली नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याची आई मला सांगायची. पोरगा सुट्टीला आला की मराठीतच बोलतो म्हणायची. तिला वाटायचं, मोठा झाला.”

आत नात गृहपाठ करीत होती. आजीने तिला त्या भाषेत काही विचारले, नातीने मराठीत उत्तर दिले. आजी पुन्हा त्याच भाषेत काही म्हणाली, नात हसली आणि पुन्हा मराठीतच बोलली. तिला समजत सगळे होते. हा खेळ त्या घरात रोज चालत असणार, इतका तो सहज होता.

आम्ही वही काढली आणि विनंती केली, “आजी, एक वाक्य सांगा. तुमच्या भाषेतलं. कुठलंही.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि एक वाक्य म्हटले. आम्ही ते देवनागरीत लिहून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. शेवटचा स्वर चुकला होता. आम्ही तो खोडून पुन्हा लिहिला, पुन्हा वाचला. पुन्हा मान हलली. नात गृहपाठ सोडून उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली होती. तिने वही आमच्या हातून घेतली, पेन्सिलीने एक मात्रा पुसली, दुसरी घातली आणि मोठ्याने वाचले. आजीने शेंगांवरचे हात थांबवून नातीकडे पाहिले.

“आणखी एक सांग,” नात म्हणाली. त्या भाषेत.